आठवणीतलं घर कुणाच्या नावावर?

(धसई येथे महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज कथा-कादंबऱ्यांतल्या घराविषयी बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, भातलावणीच्या घाईत हे काय काढलं? पण त्याचा आपल्या सातबाऱ्याशी संबंध आहे.

आपल्या कौटुंबिक कथेत हमखास एक जुनं घर येतं. ओटी, माजघर, जात्याची घरघर, भरल्या पंगती. हे सगळं आठवणारा बहुधा शहरात गेलेला मुलगा असतो. पहाटे उठून ते जातं कोण ओढत होतं, पंगत उठल्यावर तिच्या ताटात काय उरत होतं, हे मात्र त्याला आठवत नाही. यालाच स्मरणरंजन म्हणतात.

सगळेच असं लिहीत नाहीत. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) नाटकात शिकायची इच्छा मारली गेलेली प्रभा आहे. ती समोर असली की वाड्यासाठी नुसतं हळहळता येत नाही. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनात आईची आठवण येते ती बांबू विणणाऱ्या हातांसकट. उलट 'माहेरची साडी' (१९९१) बघून बायकांनी पदर भिजवले. लहानपणी टीव्हीवर बघताना मीही रडले. आपण साडीसाठी रडलो. जमिनीचं नाव कुणी काढलं नाही.

कामात भेटलेली एक ताई सांगत होती, "भाऊ म्हणाला, सही कर, माहेर तुटायला नको." तिनं हक्कसोडपत्रावर सही केली. पुढं नवऱ्यानं घराबाहेर काढलं, तेव्हा त्याच माहेरात तिला आठ दिवसांवर जागा मिळाली नाही.

महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तो जन्मापासूनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. आपल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बहिणींना मात्र हा कायदा लागू नाही. त्यांच्या हक्काचा प्रश्नही आपणच धरून ठेवायचा आहे.

माहेराची ओढ खोटी आहे, असं मी म्हणत नाही. मलाही आईची चूल आठवते. पण आठवणीवर सही मागितली जाते तेव्हा आधी कागद वाचा, चारचौघींना दाखवा. आणि आपल्या घराची गोष्ट आता आपणच सांगू या, जात्यावर बसलेल्या बाईपासून.