महिनाअखेर आणि मित्र

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या कौटुंबिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

विटा-आटपाडीकडून येऊन इथे स्थिरावलेले गलाई व्यावसायिक बंधू, पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राहिलेली तंजावरकर मंडळी, मराठी येत नसतानाही आरतीला आमच्या बरोबरीने टाळ्या धरणारे माझे रेल्वेतले सहकारी, माताभगिनींनो आणि बालमित्रांनो,

दरवर्षी या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलतात. मी डिप्लोमा झालेला साधा इंजिनियर. रूळ, स्लीपर आणि खडी यापलीकडे माझा अभ्यास नाही. म्हणून कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ज्यात माझा खरा अनुभव आहे त्यावरच बोलतो. तो विषय म्हणजे कमी पैशांत घर चालवणं, आणि त्यात मित्रांची होणारी मदत.

मी २००३ साली दक्षिण रेल्वेच्या तिरुच्चिरापल्ली विभागात ज्युनियर इंजिनियर म्हणून रुजू झालो. श्रेणी ५०००-८००० ची. महागाई भत्ता धरून आणि कपात वजा जाता हातात साडेसात हजारांच्या आसपास पडायचे. त्यातले अडीच हजार गावी आईवडिलांना, दीड हजार बहिणीच्या लग्नाच्या कर्जाचा हप्ता. आम्ही तिघे मराठी एका खोलीत राहायचो. भाडं पंधराशे, म्हणजे माणशी पाचशे. स्वयंपाक पाळीपाळीने. गावाहून येताना प्रत्येकाने ज्वारीचं पीठ आणायचं, ते संपलं की पोन्नी तांदळाचा भात आणि रसम. माणशी बाराशेत जेवण भागायचं. एकट्याला हे जमलं नसतं.

यात नवं काही नाही. महर्षी कर्वे मुंबईत शिकवण्या करत होते तेव्हा त्यांचं आणि त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांचं बिऱ्हाड एकत्र होतं. पुढे १८९३ साली कर्व्यांनी पुनर्विवाह केला तो याच नरहरपंतांच्या विधवा बहिणीशी, गोदूबाईंशी. एका मोठ्या सामाजिक कार्याच्या मुळाशी दोन मित्रांचं असं काटकसरीचं बिऱ्हाड होतं, हे मला नेहमी लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

आपल्या गलाई बांधवांना तर हे सांगायलाच नको. खानापूर, आटपाडी हा दुष्काळी पट्टा. तिथला मुलगा मिसरूड फुटायच्या आत गाववाल्याच्या दुकानात येतो. सोनं-चांदी गाळायची भट्टी, ॲसिडचा धूर, रात्री दुकानातच पथारी. चार-सहा वर्षं काम शिकला की तोच गाववाला त्याला दुसऱ्या गावात दुकान टाकायला भांडवल उभं करून देतो. असं करत करत ही माणसं देशभर पोचली. सुरुवातीला त्यांच्यामागे बँक नव्हती, होता तो गावचा शब्द.

आता भिशीकडे येतो. आम्ही दहाजणांनी पाचशे रुपयांची भिशी धरली होती. दर महिन्याला पाच हजार जमायचे, चिठ्ठी निघेल त्याला मिळायचे. भिशीची अडचण एकच. चिठ्ठीला गरज कळत नाही. ज्याला आज पैसे हवेत त्याचं नाव आठव्या महिन्यात निघतं.

इथल्या सहकाऱ्यांनी मला त्यांचं चीट्टू शिकवलं. समजा वीसजण, हजार रुपये, वीस महिने. दर महिन्याला वीस हजार जमतात. ज्याला निकड आहे तो बोली लावतो, 'मला सोळा हजार चालतील'. उरलेल्या चार हजारांतून चालवणाऱ्याचे एक हजार जातात आणि तीन हजार वीसजणांत वाटले जातात, म्हणजे त्या महिन्याचा हप्ता साडेआठशेच पडतो. गरजवंताला पैसे वेळेवर मिळतात, थांबणाऱ्याला थांबल्याचं फळ मिळतं. मात्र निकड जितकी जास्त तितकं गरजवंताला सोडावं लागतं, हेही यात आहे. यासाठी १९८२ चा चिट फंड कायदा आहे. चालवणाऱ्याचं कमिशन त्यात पाच टक्के होतं, २०१९ च्या दुरुस्तीने ते सात टक्क्यांपर्यंत नेलं. ज्यांना बाहेरच्या चीट्टूत पैसे घालायचे असतील त्यांनी ती नोंदलेली आहे का, एवढं तरी बघावं.

आता जरा घरची गोष्ट. २००९ साली आमच्या मुलीचा जन्म दिवस भरायच्या आत झाला. रात्रीची वेळ, जवळचं खासगी रुग्णालय गाठलं. बाळाला काचेच्या पेटीत ठेवायचं होतं आणि त्याआधी चाळीस हजार अनामत. रेल्वेकडून पुढे जे मिळायचं ते कागदपत्रांनंतर. घरात नऊ हजार होते, तेही औषधांना लागणार होते.

त्या रात्री एका ठेकेदाराचा माणूस रुग्णालयाच्या पायऱ्यांवर आला. त्याला बातमी कशी कळली, देव जाणे. हातात पाकीट होतं. "सार, परत द्यायची घाई नाही," म्हणाला. त्याच ठेकेदाराच्या कामाची मोजमापं माझ्या सहीने जायची होती. आम्हा रेल्वे कर्मचाऱ्यांना १९६६ चे वर्तणूक नियम लागू आहेत. ज्याच्याशी कामाचा संबंध येतो त्याच्याकडून कर्ज घ्यायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. पण त्याच नियमांत एक सवलतही आहे. नातेवाइकाकडून किंवा जवळच्या मित्राकडून छोटी, तात्पुरती, बिनव्याजी रक्कम घेता येते. सरकारी नियमाच्या पुस्तकातसुद्धा मित्राला जागा ठेवली आहे, बघा! मी पाकीट परत पाठवलं. बायको आत होती, मुलगी काचेपलीकडे होती, आणि 'नाही' म्हणताना माझे पाय लटपटत होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

पहाटेपर्यंत तीन माणसं आली. आमच्या शेजारचे गलाईवाले भाऊ दुकान उघडून वीस हजार घेऊन आले. मी कागदावर लिहून द्यायला लागलो तर म्हणाले, "अवं साहेब, आधी पोरीकडं बघा. हिशेब काय पळून जातोय व्हय?" खोलीतल्या जुन्या मित्राने आठ हजार आणले. सिग्नल विभागातला माझ्याच बॅचचा तमिळ सहकारी बारा हजार घेऊन आला. त्याच महिन्यात त्याने चीट्टू उचललं होतं, घरावर पत्रे घालण्यासाठी. पत्रे पुढच्या वर्षी गेले. वीस, आठ आणि बारा, चाळीस झाले. मुलगी आज कॉलेजात जाते.

दुसऱ्या दिवशी मी एक वही घेतली. तीन नावं, तीन आकडे, तारीख. चौदा महिन्यांत सगळे फिटले. शेवटचा हप्ता दिला तेव्हा तमिळ सहकाऱ्याला मी म्हटलं, तुझे पत्रे एक वर्ष लांबले, वर काहीतरी घे. तो म्हणाला, "अण्णा, व्याज नको. आमच्या गावी मोय विरुंदु आहे, वहिनींना घेऊन या."

तो पेरावुरणीचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. पेरावुरणी, पट्टुकोट्टै आणि पलीकडे पुदुकोट्टै जिल्ह्याच्या काही गावांत आडी-आवणी महिन्यांत, म्हणजे साधारण आपल्या आषाढ-श्रावणात, मोयच्या पंगती बसतात. ज्याला पैशांची गरज आहे तो गावाला आमंत्रण देतो. पुष्कळदा चार-पाचजण मिळून मांडव घालतात, म्हणजे जेवणाचा खर्च वाटला जातो. पाहुणा येतो, मटणाचं जेवण जेवतो आणि बाहेर टेबलाशी बसलेल्या लिहिणाऱ्याकडे रक्कम देतो. वहीत नाव, गाव, आकडा लिहिला जातो. पुढे त्या पाहुण्याच्या घरी मोय असेल तेव्हा यजमानाने तेवढी रक्कम, वर थोडी भर घालून, परत करायची. त्या वर घातलेल्या रकमेने व्यवहार पुन्हा सुरू राहतो. कुणी मुलीचं लग्न काढतो, कुणी विहीर खणतो, कुणी मुलाला कॉलेजात घालतो.

मला तिथे सगळ्यात आवडलं ते त्या टेबलाचं. पैसे मागणारा तिथे मान खाली घालून बसलेला नसतो. तो यजमान असतो. नवे कपडे घालून दारात उभा राहतो आणि येणाऱ्याला हात जोडून म्हणतो, जेवून जा. गरज सांगायची लाज त्या लोकांनी पंगतीत विरघळवून टाकली आहे. याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. १६ नोव्हेंबर २०१८ ला गज वादळ आलं आणि त्या भागातल्या नारळाच्या बागा आडव्या झाल्या. सगळ्यांचं उत्पन्न एकाच माडावर असेल तर सगळ्यांचा हात एकाच वेळी आखडतो. म्हणून मदत करणाऱ्या मंडळींत नोकरीवाला, दुकानदार, शेतकरी असे सगळे असावेत. आपल्या मंडळात तसे आहेत, ही आपली जमेची बाजू.

आपल्या तंजावरात तर याला राजमान्यता होती. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांचा राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे ठरावीक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. अशा वेळी १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट टोरीन यांना पत्र लिहून छत्रं आपल्याकडे राहावीत अशी विनंती केली. रामेश्वराच्या वाटेवरच्या या छत्रांत सर्व जातींच्या वाटसरूंना जेवण, आजाऱ्याला वैद्य, अनाथ मुलांना शिक्षण मिळत असे. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र आजही आपण बघतो. राज्य गेलेल्या माणसाने आधी काय वाचवलं, तर परक्या वाटसरूचं ताट. आपण मराठी म्हणून इथे त्यांचं नाव अभिमानाने घेतो. मग तो वसाही चालवायला हवा.

आता थोडं कटू बोलतो. आपल्याच मंडळातली दोन घरं. एकाने दुसऱ्याला अडचणीत पंधरा हजार दिले. लिहिलं नाही, मुदत ठरली नाही. घेणाऱ्याला वेळेवर जमलं नाही, देणाऱ्याने भिडेपोटी विचारलं नाही. घेणारा आरतीला यायचा बंद झाला. मग त्याची मुलं यायची बंद झाली. त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. पंधरा हजारांपायी दोन घरांच्या मुलांनी एकत्र मोदक खाणं थांबवलं, हे नुकसान पंधरा हजारांहून मोठं आहे. आणि दुसरीकडे आपली तरुण मुलं, कुणाला सांगायचं कसं म्हणून, मोबाइलवरची झटपट कर्जं घेतात. पाच मिनिटांत पैसे येतात, पण हप्ता चुकला की त्रासाचे फोन घरच्यांना आणि ऑफिसात जातात. मित्रापासून लपवलेली अडचण अशी चारचौघांत येते.

म्हणून अनुभवाने जे मला पटलं ते सांगतो. पहिलं, मित्राचे पैसे आधी वहीत लिहा, मग खिशात घाला. लिहिणं हा अविश्वास नव्हे. लिहिलेलं असलं की आठवण काढायचं काम वही करते, मित्राला करावं लागत नाही. दुसरं, फेडायला उशीर होणार असेल तर तारखेच्या आधी जाऊन सांगा. तिसरं, जेवढे परत नाही आले तरी मैत्री टिकेल, तेवढेच द्या. चौथं, ज्याच्याशी कामाचा संबंध आहे त्याची मदत घेऊ नका, ती कधीच बिनव्याजी नसते.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. तीस घरांनी महिना दोनशे रुपये काढले तर सहा हजार होतात, वर्षाचे बहात्तर हजार. अडचणीतल्या घराला वीस हजारांपर्यंत, बिनव्याजी, दहा हप्त्यांत परतीच्या बोलीवर द्यावेत. वही दोघांकडे असावी, नाव बाहेर जाऊ नये. आणि ज्याने घेतले त्याने फेडल्यावर पुढचं वर्षभर वही सांभाळावी, म्हणजे आज घेणारा उद्या देणाऱ्यांच्या बाजूला बसेल. काहीजण म्हणतील, वर्गणी आधीच जड होते. खरं आहे. मग यंदा मखर थोडं साधं करू. गणपतीला आपण विघ्नहर्ता म्हणतो. त्याच्या दारात जमणाऱ्यांनी एकमेकांचं लहानसं विघ्न दूर केलं, तर त्याला मखरापेक्षा ते आवडेल असं मला वाटतं.

निर्णय आपण सर्वांनी मिळून घ्यायचा आहे. माझ्या घराचे पहिले दोनशे रुपये मी कार्यवाहांकडे दिलेले आहेत.

गणपती बाप्पा मोरया!