पाणी कोण तापवतं?

(पुण्यात मंडई परिसरात झालेल्या युवा शिबिरातील भाषण)



आज मी गरम पाण्यावर बोलणार आहे. आपल्या शिबिरांत संविधान, तलाक, आरक्षण, शिक्षण असे विषय असतात. त्यांच्या शेजारी अंघोळीचं पाणी हा विषय जरा विचित्र वाटेल. पण अर्ध्या तासात तुम्हाला तो तितकाच गंभीर वाटावा, असा माझा प्रयत्न आहे.

सुरुवात आपण बसलोय त्या जागेपासून करू. मंडईची इमारत इथून दोन मिनिटांवर आहे. १८८६ साली ती खुली झाली तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. जोतीराव फुले १८७६ साली पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले होते. मंडईवरच्या खर्चाचा विषय आला तेव्हा त्यांनी विरोध केला. इमारतीत एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचं नाव लागलं. त्या विरोधातून मी माझ्यापुरता एक प्रश्न घेतला आहे: सार्वजनिक पैसा खर्च होतो, तेव्हा नेमके कुणाचे कष्ट कमी होतात?

हाच प्रश्न गावातल्या गरम पाण्याला लावून बघू.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. लाखो घरांत पहिल्यांदा गॅस आला. ती मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखायचं कारण नाही. पण गावी गेलात की घराच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. गॅसवर चहा होतो, भाजी होते. अंगणात तीन दगडांची चूल असते आणि तिच्यावर काळाकुट्ट हंडा. अंघोळीचं पाणी अजून लाकडावरच आहे. असं का? लोकांना धूर आवडतो म्हणून? त्यांना जुनं सुटत नाही म्हणून? शहरातली माणसं असंच म्हणतात. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे आधी हिशोब करतो.

पाच माणसांचं घर धरा. प्रत्येकी एक बादली, म्हणजे २० लिटर. एकूण १०० लिटर पाणी. थंडीच्या सकाळी ते २५ अंशांनी तापवायचं आहे. त्यासाठी जवळपास तीन युनिट उष्णता लागते, तुमच्या वीजबिलावर असतं तेच युनिट. आता घरगुती सिलिंडर घ्या, १४.२ किलोचा. शेगडीवर जाळल्यावर त्यातली साधारण ६० टक्के उष्णता भांड्यात जाते, बाकी हवेत. हिशोब केला तर नुसतं अंघोळीचं पाणी तापवायला एक सिलिंडर ३७ दिवस पुरतो. स्वयंपाक वेगळा.

उज्ज्वलाची घरं वर्षाला सरासरी चारच्या आसपास सिलिंडर भरून घेतात. म्हणजे त्या घरात एक सिलिंडर तीन महिने पुरवावा लागतो. जी बाई तीन महिने सिलिंडर पुरवते, ती अंघोळीसाठी गॅस पेटवणार नाही. तिचा हिशोब माझ्या हिशोबाइतकाच बरोबर आहे. तिला अडाणी म्हणणाऱ्याने एकदा तो करून बघावा.

आता लाकडाचा हिशोब. वाळलेल्या एक किलो लाकडात चार-साडेचार युनिट उष्णता असते. पण उघड्या चुलीवर ज्वाळा हंड्याच्या फक्त बुडाला लागते आणि वाऱ्याबरोबर बाहेर जाते. आठवा हिस्सा पाण्यात गेला तरी पुष्कळ. म्हणजे रोज पाच-साडेपाच किलो लाकूड, महिन्याला दीडशे किलोच्या वर. डोक्यावरची मोळी २५ किलोची धरली तर सहा-सात मोळ्या, फक्त अंघोळीसाठी. आणि ही मोळी आणतं कोण, हे मी सांगायची गरज नाही. घरातला कुठलाही पुरुष आठवा आणि त्याच्या डोक्यावर मोळी ठेवून बघा. चित्र जुळत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात या मोळीची किंमत आणखी वाढते. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला. तिथले वाघ जंगलाच्या सरकारी हद्दीत थांबत नाहीत. आजूबाजूच्या गावांची माणसं सरपणाला, मोहफुलांना, तेंदूपत्त्याला त्याच रानात जातात. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेल्याची बातमी त्या जिल्ह्यातून दरवर्षी येते, एकदा नाही, अनेकदा. वाकून काटक्या वेचणारी बाई वाघाला दुरून माणूस वाटत नाही, असं जंगलात काम करणारे सांगतात.

त्या भागात वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन ट्रस्ट ही संस्था काम करते. वाघ वाचवायचा तर सरपण कमी व्हायला हवं, हे उघड होतं. पण गॅस पोहोचल्यावरही सरपण का लागतं, याचा शोध घेतल्यावर उत्तर मिळालं पाणी तापवण्यात. मग संस्थेने गावांमध्ये कमी जळणात पाणी तापवणारे बंब द्यायला सुरुवात केली. प्रकल्पाचं नाव 'हीटर ऑफ होप'. या बंबात जंगलातलं जाड लाकूडच हवं असं नाही, शेतातला काडीकचरासुद्धा जळतो. विदर्भात पऱ्हाटी आणि तुराटी वावरातच पेटवून देतात. तेच जळण घरी आणलं तर रानात जायची एक फेरी वाचते.

बंब हा शब्द ऐकून इथले पुणेकर हसले असतील. मंडईतून थोडं चालत गेलात की कसब्यात तांबट आळी लागते. तांब्याचे बंब घडवणारे कारागीर तिथलेच. तुमच्यापैकी अनेकांच्या आजोळी तो बंब कोपऱ्यात पडलेला असेल किंवा मोडीत गेला असेल. ती वस्तू मुळात हुशार आहे. आग आत असते आणि पाणी तिच्याभोवती. मधल्या नळीतून गरम हवा वर जाते, जाता जाता सगळ्या बाजूंनी पाण्याला उष्णता देते. खाली जाळी असते, तिच्यातून हवा येते, राख पडते. आज त्यात सुधारणा करायची म्हणजे काय? हवेचा मार्ग नीट मोजायचा, बाहेरून उष्णतारोधक आवरण द्यायचं आणि तांब्याऐवजी परवडणारा पत्रा वापरायचा. उष्णतेचा तिसरा हिस्सा जरी पाण्यात गेला, तरी रोजचं लाकूड साडेपाच किलोवरून दोन किलोवर येतं. महिन्याच्या सहा-सात मोळ्यांच्या अडीच होतात. बाकी चार वेळा ती बाई घरी राहते, रोजगाराला जाते, नाहीतर झोपते. तेही तिने ठरवावं.

कुणी विचारेल, २१व्या शतकात बंब कसला, सौर हीटर का नको? हवाच. पण कुणाला काय जमतं ते बघा. पाच जणांच्या घराला १०० लिटरचा सौर हीटर पुरतो. त्याला पंप लागत नाही, तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं. पण थंड पाण्याची टाकी त्याच्याही वर असावी लागते. म्हणजे स्लॅब हवा, वर टाकी हवी, टाकीत पाणी चढवणारी सोय हवी, आणि सुरुवातीला एकरकमी पैसे हवेत. पुण्यात सौर यंत्रणा बसवणाऱ्याला महापालिका मालमत्ता करात सवलत देते. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या आणि हंड्याने पाणी भरणाऱ्या बाईला त्या सवलतीचा उपयोग काय? पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार साचतात, तेही आधी तपासावं लागतं. कोकणातल्या पावसाळ्यात कितीतरी दिवस ऊनच नसतं.

विजेचा रॉड स्वस्त आहे. पण तीन युनिट ते तीन युनिटच, त्यात बचत नाही. शिवाय अर्थिंग नसलेल्या घरात बादलीत रॉड टाकणं जिवावर बेतू शकतं. बटण बंद करून पिन काढल्याशिवाय त्या पाण्याला हात लावू नका, घरच्यांनाही हे सांगा. गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीच लावायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस गुदमरतो तेव्हा त्याला कळतसुद्धा नाही.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. स्लॅब आणि टाकी असेल तर सौर. नसेल तर चांगला बंब. आणि जिथे पाणी खूप लागतं, वसतिगृह, दवाखाना, तिथे हीट पंप. हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांचं काम होतं.

आता आपल्या मशिदीकडे येतो. गावातल्या बऱ्याच मशिदींत थंडीत वजूचं पाणी लाकडावर तापतं. लाकूड जमातीच्या वर्गणीतून येतं, नाहीतर कुणीतरी टाकून जातं. सौर हीटरसाठी गावात मशिदीसारखी जागा शोधून मिळणार नाही. स्लॅब आहे, वर टाकी आहे, नळ आहेत, जमा-खर्चाची वही आहे. फजरची नमाज सूर्योदयाआधी असते, मग सौर कसं चालेल, असा प्रश्न येईल. आदल्या दिवशीच्या उन्हात तापलेलं पाणी आवरण असलेल्या टाकीत रात्रभर गरम राहतं. त्यावरच फजरची वजू होते. आणि नळ सोडून वजू करण्याऐवजी बदना भरून केली तर लहान यंत्रणाही पुरते. जुम्म्याच्या दिवशी ट्रस्टींना भेटा, गेल्या हिवाळ्यात लाकडावर किती पैसे गेले ते वहीत बघा. भाषण करू नका, तो आकडा समोर ठेवा.

पण मशिदीवर सौर पॅनेल लागलं आणि त्याच गल्लीतली आपा मोळी घेऊन येत राहिली, तर आपण अर्धंच काम केलं. वजूखान्याचं गरम पाणी पुरुष वापरतात. घरचं गरम पाणी बाई तापवते आणि बहुतेक घरांत तीच सगळ्यांच्या शेवटी अंघोळ करते, उरलेल्या कोमट पाण्याने. आपली चळवळ मुस्लिम बाईच्या हक्कांबद्दल बोलते. पोटगी, वारसा, शिक्षण. पहाटे चार वाजता फुंकणी घेऊन बसलेल्या बाईचे डोळे हाही त्याच यादीतला विषय आहे.

म्हणून वस्तू आणण्याआधी तिला विचारा. बंबाचं तोंड किती उंच आहे, भरलेली कळशी तिथपर्यंत उचलता येते का? जळणाचे तुकडे किती बारीक करावे लागतात? पेटवल्यावर सोडून जाता येतं का, की समोर बसावं लागतं? राख कशी काढायची? पत्रा गळला तर गावातला वेल्डर दुरुस्त करेल का? चुलीवर पाण्याबरोबर तिथेच शेकही मिळत होता, म्हाताऱ्यांचं आता काय? हे प्रश्न न विचारता वाटलेल्या वस्तू दुसऱ्या वर्षी कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून दिसतात. पुण्यातल्याच आरती या संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यासाठी २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. तिथेही मूळ विचार हाच होता, की शेतात जळून जाणारं जळण घरात उपयोगी आणायचं, आणि ते गावातल्या माणसाला स्वतः करता यायला हवं.

शेवटी, हे सगळं गावात मांडायचं कुठे? आपल्याकडे ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा तुम्हाला झेंडावंदनामुळे पाठ असतात. याच सुमारास ग्रामसभा होतात आणि त्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते. ज्या गावात आपली दहा-बारा घरं असतात, तिथे आपण ग्रामसभेत कधी जातो? कब्रस्तानचा रस्ता किंवा भिंत असेल तेव्हा. ते प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण लाभार्थ्यांच्या याद्या, गावाचा आराखडा, जळणाचा विषय येतो तेव्हा आपली खुर्ची रिकामी असते. मग यादीत नाव नाही म्हणून तक्रार करतो. सगळ्या गावाचा विषय घेऊन आपल्यातली एखादी मुलगी महिला सभेत उभी राहिली, तर तिच्या मागे बसलेल्या बाया कुठल्या वस्तीतल्या आहेत हे कुणी मोजणार नाही. मोळी सगळ्यांच्याच डोक्यावर आहे.

तर या सुट्टीत गावी गेल्यावर एवढंच करा. साधा काटा घ्या. तुमच्या आणि शेजारच्या चार घरांतलं एका सकाळचं जळण वजन करून लिहून ठेवा. ते कुणी आणलं, कुठून आणलं, किती वेळ गेला, हे पुढे लिहा. तो कागद महिला सभेत वाचायला तुमच्या अम्मीला द्या. तिला लिहिता-वाचता येत नसेल तर तिने तोंडी सांगावं, तुम्ही फक्त शेजारी बसा.