नांदेडची वस्ती आणि आपली मुले



लोह्याहून नांदेडला शिकायला गेलेल्या मुलाच्या कानी मराठी, उर्दू, तेलुगू, पंजाबी सारेच पडते. ही सरमिसळ जुनी आहे. १७०८ साली गुरु गोविंदसिंगजींचे निधन तेथेच झाले. पुढे महाराजा रणजितसिंगांनी सचखंड बांधविले आणि पंजाबातून आलेली काही शीख कुटुंबे इथलीच होऊन दखनी, मराठी बोलू लागली. निजामाच्या कचेरीत उर्दू चाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, कागदपत्रे मराठीत होऊ लागली आणि आपले कित्येक शिकलेसवरलेले वडीलधारे साध्या अर्जासाठी दुसऱ्याच्या दारी गेले. घरी उर्दू जरूर बोला. परंतु मुलीची मराठीची वही शेवटची कधी पाहिली, हे आज घरी जाऊन आठवा.