तक्रारीची प्रार्थना

(मंगरूळपीर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



दिवसभर वऱ्हाडी उन्हात भाजून निघाल्यावर रात्री देव आणि दुःख यांवरचं बोलणं ऐकायला तुम्ही येऊन बसलात, याचं मला खरोखर कौतुक वाटतं. संयोजकांनी विषय दिला तो असा : वाईट काळात ख्रिस्ती माणूस देवावर आशा कशी ठेवतो? समोर ख्रिस्ती घरातली माणसं चार-दोनच असतील. त्याने काही अडत नाही. या गावात बिरबलनाथ महाराजांचं मंदिर आहे, दादा हयात कलंदरांचा दर्गा आहे, आणि गावाच्या नावातच पीर आहे. लोक गाऱ्हाणं घेऊन कुठं जातात आणि तिथं काय मागतात, हे तुम्हाला मी काय सांगणार? लेकरू बरं होऊ दे, पाऊस येऊ दे, डोक्यावरचं कर्ज फिटू दे. मागणं सगळ्यांचं एकच असतं. मला बोलायचंय ते पुढच्या गोष्टीबद्दल. मागितलं, आणि नाही मिळालं. मग?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला लवकर उठायचं असेल तर मोकळं. ख्रिस्ती आयुष्यातली जी आशा मला खरी वाटते, ती तक्रार गिळून येत नाही. तक्रार देवाच्या तोंडावर पुरती बोलून झाल्यावर ती येते. आणि आली तरी पुष्कळदा मनाला तिचा पत्ताच नसतो, ती हातातल्या कामात असते.

हा विषय इथं पुस्तकी नाही. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा आणि सहावा आपला वाशिम. पॅकेजचं काय झालं तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि त्याला माझ्यापेक्षा जाणकार वक्ता बोलवा. पण ज्या घरात असं मरण झालं, त्या घरात लोक भेटायला जातात तेव्हा काय बोलतात ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. देवाची मर्जी. त्याची काहीतरी योजना असेल. आमच्या ख्रिस्ती घरांत तर हे वाक्य चहाच्या आधी येतं. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ओट्यावर डोकं धरून बसलेल्या बाईला त्यातून एवढंच कळतं, की आता रडणं म्हणजे देवावर अविश्वास. म्हणजे नवरा गेला, आणि वर रडायची सोयही गेली.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, या वाक्याला फारसा आधार नाही. ईयोबाची गोष्ट घ्या. गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड उठले. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तिथवर ते उत्तम मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. तुझंच काहीतरी चुकलं असेल, देव उगीच शिक्षा करत नाही, हेच ते पुन्हा पुन्हा घोळून सांगत राहिले. शेवटी देव बोलतो तेव्हा रागावतो कुणावर? देवाशी भांडणाऱ्या ईयोबाला तो चार गोष्टी सुनावतो, पण बरोबर तोच बोलला असा निवाडा देतो. देवाची वकिली करणाऱ्या मित्रांना मात्र त्याच ईयोबाकडून प्रार्थना करून घ्यावी लागते. हा निकाल मला फार मोठा वाटतो.

स्तोत्रसंहिता म्हणजे यहुद्यांचं आणि ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनेचं पुस्तक. त्यातल्या दीडशे स्तोत्रांपैकी निदान तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. किती दिवस वाट पाहू, कुठं लपलास, झोपलास का, असं सरळ देवाला विचारलंय. बहुतेक गाऱ्हाणी शेवटाकडे वळतात आणि विश्वासाच्या शब्दांवर थांबतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. ज्यांनी हा ग्रंथ जमवला त्यांना ते गाळता आलं असतं. त्यांनी ठेवलं, आणि कित्येक पिढ्यांनी ते प्रार्थना म्हणून म्हटलं. खुद्द येशूने वधस्तंभावर जो टाहो फोडला, देवाने आपल्याला टाकल्याचा, तो बाविसाव्या स्तोत्राचाच आरंभ आहे.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. त्यांनी विठ्ठलाला काय काय ऐकवलं ते तुम्हाला पाठ आहे. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक सांगत, की मी ख्रिस्तापर्यंत पोचलो तो तुकारामांच्या वाटेने. लोक याचा अर्थ भक्तीपुरता घेतात. मला वाटतं, भांडणाची रीतही टिळकांनी तिथूनच उचलली.

आता मी मुख्य माणसाकडे येतो. पंडिता रमाबाई.

रमाबाई म्हटलं की शारदासदन आणि मुक्तिमिशन एवढं आठवतं. त्यांचं पहिलं आयुष्य मात्र निव्वळ भुकेचं आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारे, त्यापायी लोकांचा रोष पत्करणारे. 1870 च्या दशकातल्या दक्षिणेतल्या दुष्काळात हे कुटुंब तीर्थयात्रेत होतं. होतं नव्हतं ते दानधर्मात, देवकार्यात गेलेलं. मजुरी कधी केलेली नाही, भीक मागायला मन होत नाही. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या मरणाची हकीकत रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. तिरडी उचलायला माणसं मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ, चौथी रमाबाई. त्या बुटक्या, खांद्याला खांदा लागेना, म्हणून आईच्या तिरडीची आपली बाजू त्यांनी डोक्यावर घेतली. तेव्हा त्या विशीच्याही नव्हत्या.

पुढे भाऊबहीण पायी हिंडत पार पंजाबापर्यंत गेले. थंडीला पांघरूण नाही. झेलमच्या काठी वाळूत दोन खड्डे खणून, त्यांत उतरून, डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेत त्यांनी रात्र काढली. ते खड्डे कबरीसारखे होते, असं त्या स्वतःच लिहितात. जिवंतपणी कबरीत शिरून सकाळची वाट पाहणारी ही मुलगी पुढे येशूच्या रिकाम्या कबरीबद्दल बोलली, तेव्हा ते तिने नुसतं वाचलेलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा.

1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मनोरमा जन्मली आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. वय तेवीस, कडेवर मूल. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. सोबत गेलेल्या मैत्रिणीने, आनंदीबाई भगत यांनी, तिथे आपलं आयुष्य संपवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 29 सप्टेंबर 1883 ला, वाँटेज इथे रमाबाईंचा आणि मनोरमाचा बाप्तिस्मा झाला.

साक्ष सांगणारे लोक इथे गोष्ट संपवतात. बाप्तिस्मा झाला, अंधार गेला, आमेन. रमाबाई तसं म्हणत नाहीत. त्या लिहितात, की धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे समजायला आपल्याला आठ वर्षं लागली. आठ वर्षं! त्याच काळात त्या अमेरिकाभर हिंडल्या, विधवांसाठी पैसा उभा केला, 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदासदन सुरू केलं. म्हणजे आतून कोरडं असताना बाहेर झरा वाहत होता. वाँटेजच्या सिस्टर जेरल्डिन यांच्याशी त्यांचा धर्मश्रद्धेवरून कडाक्याचा वाद पत्रांतून चालला. विचारल्याशिवाय काही मानणार नाही, हा त्यांचा हेका. पाळकाने सांगितलं की मान डोलवणारी बाई इतक्या अंधारातून निभावली असती, असं मला वाटत नाही.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्यप्रांत, वऱ्हाड होरपळलं. तेव्हाचं आपलं मंगरूळ बासीम, म्हणजे वाशिम, जिल्ह्यात होतं, त्याच पट्ट्यात. रमाबाईंची संस्था तेव्हा पुण्यात होती, आणि अडचणीत. 1893 च्या धर्मांतराच्या वादानंतर पुण्यातल्या मोठ्या लोकांनी पाठ फिरवली होती, टीकेची झोड उठली होती. हाताशी पैसा नव्हता. तरी त्या मध्यप्रांतातल्या दुष्काळी छावण्यांत स्वतः गेल्या आणि मुली, विधवा गोळा करून आणू लागल्या. कारण त्यांनीच सांगितलंय : वीस वर्षांपूर्वी उपाशी मरणारी ती मीच होते. पुण्यात प्लेग आला तेव्हा या मुलींना केडगावच्या शेतावर नेलं, तेच पुढचं मुक्तिमिशन, आणि 1900 च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या घरात बायकामुली झाल्या. दुष्काळ का पडला, देवाने का पडू दिला, याचं उत्तर त्यांना कधी मिळालं नाही. त्यांनी विहिरी खणल्या, माग बसवले, छापखाना घातला.

छापखान्याशी थोडं थांबतो. अल्पशिक्षित बायकांना समजेल असं शास्त्राचं मराठी भाषांतर करायचं, म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवायला केडगावच्याच मुली. ज्यांना छावणीतून उचलून आणलं त्यांनी एकेक शिशाचं अक्षर कंपोझिंग स्टिकमध्ये लावायचं, मुद्रित काढायचं, आणि ऐकू जवळजवळ न येणाऱ्या म्हाताऱ्या बाईने ते डोळ्यांशी धरून तपासायचं. वर्षानुवर्षं हेच. 24 जुलै 1921 ला मनोरमा वारली. चाळीस वर्षांची, आईचा उजवा हात, पुढे सगळं तिनेच सांभाळायचं ठरलेलं. आयुष्यात जे जे जवळचं होतं त्यातलं शेवटचं माणूस गेलं. रमाबाई पुन्हा मुद्रितांकडे वळल्या. शेवटचं मुद्रित तपासून होईतो आयुष्य मिळावं एवढं त्यांनी मागून घेतलं, असं केडगावात सांगतात. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. हा योगायोग की प्रार्थनेचं उत्तर, यावर वाद घालायला मी आलेलो नाही. लेक गेल्यावरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत टेबलाशी बसलेली ती बाई मात्र मला कुठल्याही चमत्कारापेक्षा जास्त पटते.

मघाच्या नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई, त्यांचा अंधार निराळा होता. 10 फेब्रुवारी 1895 ला नवऱ्याने मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ही ब्राह्मणाघरची, अक्षर धड न येणारी बाई एका मुलाला घेऊन उघड्यावर पडली. आधीची लेकरं दगावलेली. पाच वर्षं ताटातूट. पंढरपुरास राहून रडरड रडली, देवाशी भांडली आणि तिथेच कविता करायला लागली. पुन्हा तक्रारच! 1900 मध्ये ती स्वतः ख्रिस्ती झाली, तीही नवऱ्याच्या धाकाने नव्हे, आपल्या मनाने, आधी जातिभेदाचं भूत डोक्यातून उतरवून. टिळक 9 मे 1919 ला गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट होतं, दहा-अकरा अध्याय फक्त. तिने चौसष्ट अध्याय रचून ते पुरं केलं.

ही उदाहरणं थोरांची झाली. आपल्या जवळचं एक सांगतो. वाशिमचा मिशन दवाखाना, रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. इथल्या कितीतरी घरांतली माणसं तिथे जन्मली असतील. डॉ. ऑर्फा स्पायकर ही अमेरिकन बाई 1936 मध्ये इकडे आली, तिने तो उभारला आणि चार दशकं इथेच राहिली. तिच्या मनात काय चालायचं मला ठाऊक नाही. पण रात्री-बेरात्री अडलेली बाळंतीण बैलगाडीतून आली की डॉक्टरच्या श्रद्धेची पातळी कोण मोजत बसतं?

श्रद्धेची पातळी हा शब्द मी मुद्दाम वापरला. दर रविवारी उपासनेला येणारी काही माणसं मला सांगतात, आता प्रार्थनाच होत नाही, शब्द येत नाहीत, आपण ढोंग करतोय असं वाटतं. मी त्यांना म्हणतो, येत राहा आणि गप्प बसा. बाकीचे म्हणतील. मंडळी कशासाठी असते? उत्तम शुक्रवार आणि ईस्टर यांच्यामध्ये एक शनिवार असतो. त्या दिवशी शिष्यांच्या हाती काही नव्हतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही ते दार लावून भ्यालेले बसले होते. पण एकत्र बसले होते. आमच्या चर्चमध्ये शुक्रवारी गर्दी, रविवारी नवे कपडे, आणि शनिवारी झाडलोट. त्या शनिवारावर एकही प्रवचन मी ऐकलेलं नाही, आणि ख्रिस्ती माणसाचं बरंचसं आयुष्य तर त्या शनिवारातच जातं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काही अंधार आजाराचा असतो. झोप उडालीय, जेवण जात नाही, जगणं नको झालंय, अशा माणसाला नुसती प्रार्थना सांगू नका. जिल्हा रुग्णालयात न्या, किंवा 14416 हा टेली-मानसचा नंबर लावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पाय मोडल्यावर आपण प्लास्टर घालतो, तेव्हा देवाचा अपमान होत नाही. आणि भेटायला जायचं तर तेराव्यानंतर जा, चौथ्या महिन्यात जा, पेरणीच्या तोंडावर जा, जेव्हा बी-बियाण्याचे पैसे नसतात आणि माणसं येणं थांबलेलं असतं. ईयोबाच्या मित्रांचा पहिला आठवडा लक्षात ठेवा, पुढची भाषणं विसरा.

वेळ झाली, अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं. इथल्या वाचनालयात लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' असेलच. नसेल तर ग्रंथपालांच्या मागे लागा. रडवणारं पुस्तक समजून हातात घेऊ नका. सोवळ्याच्या वेडापायी मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या वडिलांपासून ती बाई सुरुवात करते, आणि आपल्यावर गुदरलेल्या प्रसंगांवर तिला हसू आवरत नाही. त्यातलं दुःख किती आणि थट्टा किती, हे वाचून झाल्यावर मला कळवा. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या बायकांपासून सुरू करू या, त्यांना घरी लवकर जायचं असतं.