पाना घेण्याआधी माप घ्या

मी उमेळ्याहून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून मी एरवी हिशोब, कर्ज आणि परतफेड यांवर बोलते. आजचा विषय थोडा वेगळा आहे. गाडीच्या इंजिनाचं लहानसहान काम घरी करायचं असेल, तर त्यासाठी लागणारं नेमकं अवजार कसं शोधायचं?

तुम्ही म्हणाल, हा विषय बायकांचा कसा? आपल्या गटांत कुणी वाडीतली भाजी आणि फुलं बाजारात नेतं, कुणी पापड-मसाल्याच्या ऑर्डरी पोचवतं. त्यासाठी दारात एखादी जुनी व्हॅन असते. पहाटे ती सुरू झाली नाही, तर दिवस बुडतो. मोगरा दुपारपर्यंत थांबत नाही आणि कर्जाचा हप्ताही थांबत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंची गाडी धक्के मारू लागली. शेजारच्या मुलाने सांगितलं, प्लग काढून साफ करायला हवा. घरातला नेहमीचा पाना प्लगपर्यंत पोचेना, कारण प्लग खोल विहिरीसारख्या खड्ड्यात बसवलेला होता. तिरका पाना घालून जोर लावला, तेव्हा प्लगची पांढरी चिनी माती तडकली. ताई प्लग पाना आणायला दुकानात गेल्या, तर उत्तर मिळालं, "घरच्या माणसाला पाठवा." तरी त्यांनी एक पाना आणला. तो प्लगवर बसेचना. पैसे गेले आणि गाडी दोन दिवस उभी राहिली.

यात चूक अवजाराची नव्हती. माप घेतलंच नव्हतं. खरं तर माप घेऊन वस्तू आणायची सवय आपल्याला चांगली आहे. कुकरची रिंग आणायला जाताना आपण कंपनी आणि लिटर सांगतो, जुनी रिंग पिशवीत टाकून नेतो. बांगडी दोन-चारची की दोन-सहाची, हे आपल्याला झोपेतही सांगता येतं. पान्याचंही असंच आहे.

स्पार्क प्लगवर सहा बाजूंचा भाग असतो. एका सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंतचं अंतर हे पान्याचं माप. जुन्या बऱ्याच गाड्यांना २१ मिलिमीटरचा प्लग पाना लागतो, नव्या बऱ्याच गाड्यांना १६ चा. पण अंदाजाने घेऊ नका. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक बघा. ते हरवलं असेल तर प्लगवर छापलेला नंबर उतरवून घ्या. आरसी बुकावरून गाडीचं मॉडेल आणि साल लिहून घ्या. पूर्वी बदललेला जुना प्लग घरात असेल तर तोच दुकानात न्या. मोबाईलवर खड्ड्याचा फोटो काढा, म्हणजे पाना किती लांब हवा तेही दुकानदाराला कळेल. मग दुकानात "प्लगचा पाना द्या" असं मोघम न म्हणता "१६ चा, खोल प्लगसाठी, आत रबर किंवा चुंबक असलेला द्या" असं सांगा. रबरामुळे प्लग पान्यात धरला जातो आणि चिनी माती सांभाळली जाते. असं नेमकं मागितलं की कुणी "घरच्या माणसाला पाठवा" म्हणत नाही.

ऑइल फिल्टरचंही तसंच. तो अडकला की काही जण त्यात स्क्रू ड्रायव्हर ठोकून फिरवतात. पत्रा फाटतो आणि फिल्टर तिथेच राहतो. त्यासाठी टोपीसारखा किंवा पट्ट्याचा फिल्टर पाना मिळतो. टोपीचा घ्यायचा तर आपल्याच फिल्टरच्या मापाचा हवा. पट्ट्याचा थोडा लहान-मोठा होतो. साध्या नटांसाठी सॉकेट घेताना शक्यतो सहा कोनांचा घ्या, तो नटाला नीट धरतो. बारा कोनांचा सॉकेट घट्ट नटावर घसरून कोपरे गोल करू शकतो.

मिळतं कुठे? आधी वसईतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा. तिथे नसेल तर मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची नागदेवी स्ट्रीट ही अवजारांची जुनी बाजारपेठ आहे. दादरला गाडी बदलून मशीद बंदरला उतरलं की चालत जाता येतं. चांगल्या कंपन्या आपल्या राज्यातही आहेत. टपारियाचा कारखाना नाशिकला सातपूरमध्ये आहे.

आता वापरताना. पदर खोचा, धातूच्या बांगड्या-अंगठी काढा, गळ्यातलं आत टाका. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. खड्ड्यातली धूळ फुंकून काढा, नाहीतर ती इंजिनात पडते. एका वेळी एकच प्लग काढा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. बसवताना आधी पाना लावू नका. रबरी नळीचा छोटा तुकडा प्लगच्या डोक्यावर घालून हाताने फिरवा. आटे वाकडे लागले तर नळी घसरते आणि आपल्याला लगेच कळतं. पाना लावून जबरदस्ती केली तर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात आणि शे-दोनशेच्या प्लगपायी हजारोंचं काम निघतं. वॉशरचा नवा प्लग हाताने पूर्ण बसल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. तोच प्लग साफ करून परत लावत असाल, तर घड्याळाचा काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जातो तेवढंच फिरवा. गाडीच्या पुस्तकात वेगळं सांगितलं असेल तर पुस्तकाचं ऐका.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. गाडी सीएनजीवर असेल तर गॅसच्या नळीला, जोडाला, टाकीला घरी हात लावू नका. ते काम अधिकृत केंद्राचंच. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते, तिची तारीख वहीत लिहून ठेवा. टायमिंग बेल्ट आणि इंजिन हेडचं कामही गॅरेजमध्येच द्या.

आता गटाचं. फिल्टर पाना वर्षातून दोन-तीनदा लागतो, पुलर तर क्वचितच. प्रत्येकीने विकत कशाला घ्यायचं? शेतीची अवजारे बँक असते, तशी गटाची एक पेटी करा. बैठकीत ठराव घ्या, ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांनी वर्गणी काढावी. पंचसूत्रीतली दप्तराची शिस्त इथेही लावा: कुणी नेलं, कधी नेलं, कोणत्या स्थितीत परत आलं. हरवलं तर भरून द्यायचं, हे आधीच ठरवा. प्रत्येक पान्यावर रंगाने त्याचं माप लिहा, म्हणजे अंधारातही टॉर्चच्या उजेडात पटकन सापडेल.

पुढच्या बैठकीला येताना एवढंच करा. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी एका कागदावर गाडीचं मॉडेल, साल, प्लगचा नंबर आणि ऑइल फिल्टरचा नंबर लिहून आणा. सगळे कागद एकत्र ठेवले की पेटीत काय हवं, याची यादी तिथल्या तिथे तयार होईल. खरेदीला त्यानंतरच निघा.

भेटूया पुढच्या बुधवारी. नमस्कार.