बारसे आणि हृदयतपासणी : दोन्ही वेळेवर

(पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्या शिबिरात एका बालरोगतज्ज्ञांनी केलेले भाषण)



आपल्याकडे मूल जन्मले की पेढे किंवा बर्फी वाटली जाते, पाचव्या दिवशी सटवाईची पूजा मांडतात आणि बाराव्या दिवशी पाळण्यात घालून नाव ठेवतात. एका घरी मात्र यांपैकी काहीच झाले नाही. त्या घराची हकीकत मी प्रथम सांगणार आहे, कारण त्यात दोष माझाही होता.

पुष्कळ वर्षांपूर्वी, मी नवखा डॉक्टर असताना, एका रुग्णालयात एक मुलगी जन्मली. किंचित तिरपे डोळे, बसके नाक, सैल अंग आणि तळहातावर एकच आडवी रेघ. ही लक्षणे मी ओळखली. पण आईशी एक शब्दही न बोलता बापाला व्हरांड्यात गाठले आणि ‘मुलगी मंदबुद्धीची निघेल, फारशी आशा धरू नका’ असे उभ्या उभ्या सांगून मोकळा झालो. त्या भल्या माणसाने माझा शब्द प्रमाण मानला. बारसे झाले नाही, बाळाला कोणाला दाखविले नाही. दीड वर्षाने ती मुलगी पुन्हा माझ्यासमोर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. हृदयाला जन्मतःच मोठे छिद्र होते आणि शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. केसपेपरवर नावाच्या जागी नुसते ‘बेबी’ असे लिहिलेले होते. ते मी आजवर विसरू शकलो नाही.

या अवस्थेला डाउन सिंड्रोम म्हणतात. लँग्डन डाउन या इंग्रज वैद्याने १८६६ साली तिचे वर्णन केले. तिचे कारण १९५९ साली फ्रान्समधील जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या मुलांत बहुधा एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र जास्तीचे येते. सुमारे सातशे ते हजार जन्मांमागे असे एक बालक जन्मास येते. आईच्या वाढत्या वयाबरोबर ही शक्यता वाढते हे खरे. परंतु तरुण मातांच्या पोटीही अशी मुले जन्मतात. ग्रहण पाळले नाही, अमुक खाल्ले, पूर्वजन्मीचे पाप भोवले, अशा बोलण्यास काडीचाही आधार नाही. यात आईचा दोष नाही, बापाचा नाही आणि बाळाचा तर नाहीच.

आता हृदयाविषयी. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मजात हृदयविकार असतो. हृदयाच्या कप्प्यांमधील पडद्याला छिद्र राहिले की जादा रक्त जोराने फुप्फुसांकडे जाते. काही महिन्यांत फुप्फुसातील रक्तवाहिन्या जाड व कठीण होऊ लागतात. या मुलांत तर हे लवकर घडते. एकदा त्या कायमच्या कठीण झाल्या की छिद्र बुजविणेच धोक्याचे ठरते. म्हणून मोठ्या छिद्राची शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या सहा महिन्यांच्या आत करावी लागते. दूध पिताना दमणे, कपाळाला घाम सुटणे, श्वास भरभर चालणे, वजन न वाढणे ही त्याची लक्षणे होत. परंतु सुरुवातीच्या दिवसांत कित्येकदा यांतले काहीच दिसत नाही; छातीला नळी लावूनही काही ऐकू येत नाही. म्हणून बाळ कितीही टवटवीत दिसो, त्याच्या हृदयाची इको तपासणी पहिल्या काही आठवड्यांतच व्हावयास हवी.

त्या मुलीनंतर मी माझी रीत बदलली. आईवडिलांना एकत्र बसवितो, बाळ आईच्या मांडीवर असते. पहिले वाक्य ‘अभिनंदन’ हेच असते, आणि बाळाचे नाव काय ठेवणार हे मी विचारतो. मगच जे आहे ते न लपविता सांगतो. अशाच एका घराने बाराव्या दिवशी बारसे केले आणि त्याच आठवड्यात इको करून घेतला. त्या मुलावर पाचव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. आज तो शाळेत जातो. अक्षरे सावकाश गिरवितो, पण प्रार्थनेच्या वेळी सर्वांच्या आधी रांगेत उभा असतो.

अशा मुलांचे आयुष्य अल्पच असते, हा समजही आता जुना झाला. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस त्यांचे सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्या आसपास होते. आज ते साठीच्या घरात गेले आहे. हृदयावरील वेळेवर झालेले उपचार हे त्याचे एक मोठे कारण आहे.

आता आपणाकडून मागणे. २०१३ साली याच राज्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोम व जन्मजात हृदयविकार या दोहोंचा समावेश आहे. आशा व अंगणवाडी भगिनींनी असे बाळ दिसताच तपासणी पथकास कळवावे, आणि घरच्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत सोबत करावी. गुरुजनांनी ध्यानात ठेवावे की २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या बालकास वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत विनामूल्य शिकण्याचा हक्क आहे. ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी राखलेल्या निधीचा विचार करताना पाळण्यातल्या या बाळाचेही स्मरण ठेवावे.

आणि एक गोष्ट अशी, की जिला निधी लागत नाही. गावात असे मूल जन्मले तर आपण त्याच्या घरी जावे, बाळाला मांडीवर घ्यावे, बारशाला हजर राहावे. गाव जेथे तोंड फिरवितो तेथे आईबाप मूल लपवितात. आणि लपविलेल्या मुलाच्या हृदयाची तपासणी होत नाही. सटवाई कपाळी काय लिहिते ते कोणी वाचलेले नाही. मात्र केसपेपरवर ‘बेबी’च्या जागी नाव लिहिणे आपल्या हाती आहे. ते बाराव्या दिवशी लिहिले जावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.