उशिरा सापडलेलं उत्तर



भूगोलाच्या बाई समोरच बसल्या आहेत, म्हणून जपून बोलतो.

गेल्या जुलैत हॅम्बुर्गहून कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन आम्ही डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला निघालो. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन. आठ दिवसांत नऊ ठिकाणं, असं माझं वेळापत्रक. तिसऱ्या दिवशी दोघांनी गाडीत रडून आकांत मांडला. बायकोने तो कागद घडी घालून ठेवून दिला. "मुलं रमतील तिथेच राहायचं."

मुलं रमली रुबयेर क्नुडच्या वाळूत. तिथे कड्यावर १९०० सालचं दीपगृह आहे. कडा ढासळत समुद्र जवळ आला, तेव्हा २०१९ मध्ये अख्खं दीपगृह रुळांवरून ७० मीटर आत सरकवलं. बाई, समुद्राची झीज तुम्ही फळ्यावर शिकवलीत. आकृतीचे गुण मी मिळवले, पण ती कळली तिथे.

मुलीने विचारलं, "बाबा, आता हे कधीच नाही पडणार?"

"समुद्र थांबत नाही गं. काही वर्षांनी पुन्हा काठाशी येईल."

"मग सरकवलं कशाला?"

मला उत्तर सुचेना. रात्री दहालाही उजेड होता, दोघं वाळूवरून घसरत होती. एरवी मी कामावरून येतो तेव्हा ती झोपलेली असतात. मधली वर्षं मिळावीत म्हणूनच सरकवलं, हे परतीच्या वाटेवर उमगलं. आता आठवड्यातून तीन दिवस मी सहाला घरी असतो.

बाई, उत्तर उशिरा दिलं, तरी गुण द्याल ना?